गर्भपाताचे कायदे आणि गर्भिणीची इच्छा

आपल्याकडे घरांतल्या सुनेला दिवस गेले म्हणजे तिला डोहाळे विचारण्याची रीत आहे. आंबट हवें कीं गोड, माहेरीं जावेंसें वाटतें कीं येथेंच बरें वाटतें, हें सासू विचारते, नणंद विचारते, शेजारच्या काकू विचारतात. 'डोहाळे' हा शब्द संस्कृत 'दौहृद' या शब्दाशीं जोडला जातो. चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें, म्हणून गर्भिणी ही दोन हृदयांची स्त्री होय. तिची इच्छा मोडूं नये, असें सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत सांगितलें आहे. कल्पना मोठी सुंदर आहे, आणि ती आपल्या घरांत अजून जिवंत आहे ही समाधानाची गोष्ट होय. परंतु या सर्व विचारपुशींत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं: हें मूल या वेळीं तुला हवें आहे काय?

असा प्रश्न नुसता उच्चारला तरी कित्येक वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडतील, हें मी जाणतों. घरांतील लहानथोर सर्वांच्या हातीं पडणाऱ्या मासिकांत गर्भपातासारखा विषय कशाला, असेंही कोणी म्हणेल. त्यास माझें उत्तर इतकेंच कीं, ज्या गोष्टी घरांत घडतात त्यांविषयीं घरांत बोलावयाचें नाहीं असें ठरविल्यानें त्या घडावयाच्या राहत नाहींत. त्या अंधारांत घडतात, येवढेंच. शिवाय कायदा दिल्लीस होत असला तरी त्याचा अंमल पुष्कळदां माजघरांत ठरतो. तेव्हां हा कायदा काय आहे, तो कोणत्या वाटेनें येथवर आला, आणि त्या वाटेच्या प्रत्येक मुक्कामीं कायदा करणारांच्या मनांत स्त्रीचें कोणतें चित्र होतें, हें शांतपणें पाहणें अवश्य आहे. तसें पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. गर्भपाताचा कायदा वरकरणीं गर्भाविषयीं बोलतो. आंतून तो स्त्रीच्या स्थानाविषयीं बोलत असतो. आणि तिलाच विचारावें, ही गोष्ट त्याला फार उशिरां सुचली आहे.

शास्त्रकारांची दृष्टि

प्रथम आपल्या शास्त्रांकडे वळूं. भ्रूणहत्या हें घोर पातक होय, हें आपणां सर्वांस ठाऊक असतें. त्या शब्दाचा इतिहास मात्र फारसा ठाऊक नसतो. 'भ्रूण' म्हणजे गर्भ, हा अर्थ तर आहेच; पण वेदपारंगत ब्राह्मण असाही त्याचा अर्थ सूत्रग्रंथांत केलेला आढळतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत, ज्याचें लिंग कळलेलें नाहीं असा गर्भ मारणाऱ्यास ब्राह्मण मारणाऱ्याचेंच प्रायश्चित्त सांगितलें आहे. आणि वसिष्ठधर्मसूत्रांत त्याचें कारणही दिलें आहे. लिंग न कळलेला गर्भ हा पुरुष धरावयाचा, हें तें कारण. म्हणजे गर्भाचें मोल ठरवितांना 'तो कोण होणार' हा हिशेब तेव्हांही मनांत होता.

स्त्रीविषयींचीं वचनें याहून बोलकीं आहेत. गौतमधर्मसूत्रांत स्त्री पतित होण्याचीं कारणें सांगतांना गर्भपात आणि हीन वर्णाच्या पुरुषाचा संग हीं दोन्ही एकाच सूत्रांत गोंवलीं आहेत. याज्ञवल्क्यस्मृतींत त्यांना तिसरी जोड मिळाली, ती पतीच्या हत्येची. गर्भाचा जीव हीच एकमेव चिंता असती तर गर्भपात इतर जीवहत्यांच्या पंक्तीस बसला असता. स्त्रीपुरतें पाहिलें तर तो बसविला आहे, तिनें कुलाशीं व पतीशीं केलेल्या द्रोहाच्या पंक्तीस. वैद्यकाकडे वळलें तर, अडलेला गर्भ शस्त्रानें काढणें हें सुश्रुतानें अत्यंत कष्टाचें कर्म म्हटलें आहे, व तें आरंभण्यापूर्वीं वैद्यानें अधिपतीस विचारावें, असें बजावलें आहे. अधिपति म्हणजे राजा घ्या, नाहीं तर घरचा धनी घ्या. जिच्या देहावर शस्त्र चालावयाचें तिला विचारण्याचा उल्लेख तेथें नाहीं. हें मी शास्त्रकारांना दूषण देण्याकरितां सांगत नाहीं. आपण कोठून निघालों तें कळल्यावांचून आपण कोठवर आलों तें कळत नाहीं, म्हणून सांगितलें.

विधवा आणि दंडविधान

इंग्रजी अमदानींत १८६० सालीं हिंदुस्थानचें दंडविधान तयार झालें आणि १८६२ च्या १ जानेवारीपासून तें अंमलांत आलें. त्यांतील ३१२ व्या कलमानें गर्भपात हा गुन्हा ठरला. स्त्रीचा प्राण वांचविण्यासाठीं सद्भावनेनें केलेला गर्भपात तेवढा वगळला. एरव्हीं तो करणारास तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पोटांत गर्भ हालूं लागला असल्यास सात वर्षांपर्यंत. कलमाच्या शेवटीं एक स्पष्टीकरण जोडलें: स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही या कलमाखालीं येते. ज्या पुरुषामुळें ती त्या स्थितीस आली, त्याच्याविषयीं कलमांत एक अक्षर नाहीं.

कागदावर हें कलम सर्व स्त्रियांना सारखें होतें. त्याचा जाच मात्र कोणाच्या वांट्यास आला? सौभाग्यवतीला मूल होणें हा तर घरचा उत्सव. जी पोर कळूं लागण्यापूर्वींच विधवा झाली, जिचें केशवपन करून जिला आलवण नेसविलें आणि जी जन्मभर घरचीं कामें करीत माजघराच्या कोंपऱ्यांत राहिली, तिला दिवस गेले तर काय करावयाचें? पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालींच झाला होता. पण सरकारनें उघडलेल्या त्या दाराला आमच्या घरांनीं आंतून कडी घातली होती. तिला फसविणारा पुष्कळदां त्याच घरांतला किंवा घरीं येणारा-जाणारा असे. त्याच्या पंक्तीच्या पाटाला कधीं धक्का लागला नाहीं. तिच्यापुढें मात्र इकडे आड तिकडे विहीर, ही म्हण अक्षरशः उभी राही.

अशा वेळीं १८६३ सालीं पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं आपल्या घरीं बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें. विधवांनीं येथें येऊन गुप्तपणें व निर्भयपणें बाळंत व्हावें. मूल न्यावें कीं येथें ठेवावें हें त्यांच्या खुषीवर राहील, अशा आशयाचीं पत्रकें त्यांनीं लाविलीं. त्यांतील 'खुषी' ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. शास्त्रानें नव्हे, कायद्यानें नव्हे, पण एका दांपत्यानें त्या बायकांना प्रथम विचारलें कीं, तुझी इच्छा काय? काशीबाई नांवाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास या निपुत्रिक दांपत्यानें दत्तक घेतलें; तो पुढें डॉक्टर झाला. १८७५ सालीं लालशंकर उमियाशंकर यांनीं पंढरपुरास असेंच गृह सुरू केलें आणि प्रार्थनासमाजानें तें पुढें चालविलें. ब्राह्मणांच्या लेकीसुनांना पुण्यांत पहिला आसरा दिला तो माळी जातींतल्या एका जोडप्यानें, ही गोष्ट आपल्यासारख्या घरांनीं विसरतां कामा नये.

१८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपलें नवजात मूल मारल्याचा खटला झाला. खटला बालहत्येचा होता, गर्भपाताचा नव्हे. पण दोहोंचें मूळ एकच, आणि तें म्हणजे लोकलज्जेची धास्ती. तिला फांशीची शिक्षा सुनावली गेली. पुढें अपिलांत ती कमी झाली. त्या निमित्तानें पुण्याच्या एका वृत्तपत्रानें समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर कोरडे ओढले. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' हें छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें. जे दोष स्त्रीच्या माथीं मारतां ते पुरुषांत नाहींत काय, हा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. त्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

स्वराज्यांतील कायदा

गर्भपाताची पाळीच येऊं नये, हा मार्ग खरा. तो दाखविणाऱ्यांचें आपल्याकडे काय झालें तें प्रसिद्धच आहे. महर्षि कर्वे यांचे चिरंजीव प्रो. रघुनाथराव कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें आणि १९२७ पासून १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हें मासिक चालविलें. या मतांपायीं त्यांना प्राध्यापकाच्या नोकरीवर पाणी सोडावें लागलें. १९३८ सालीं डॉ. आंबेडकरांच्या पक्षातर्फें रोहम यांनीं मुंबईच्या विधिमंडळांत संततिनियमनाचा ठराव मांडला, तोही फेटाळला गेला.

स्वराज्य आल्यावर वारें फिरलें, पण तें लोकसंख्येच्या भीतीनें फिरलें. चोरून केलेल्या गर्भपातांत असंख्य बायका मरतात, हेंही डॉक्टर मंडळी सांगत होतीच. १९६४ सालीं मध्यवर्ती सरकारनें एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तेव्हांचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा हे होते. समितीनें १९६६ च्या अखेरीस आपला अहवाल दिला, १९७१ सालीं गर्भपाताचा नवा कायदा संमत झाला, आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानें व वीस आठवड्यांपर्यंत दोघांच्या मतानें गर्भपात करतां येऊं लागला. कारणें चार: स्त्रीच्या जिवाला धोका किंवा तिच्या शरीराला वा मनाला गंभीर इजा, मूल गंभीर व्यंगाचें होण्याचा संभव, बलात्कार, आणि संततिनियमनाचें साधन फसणें.

यांतील शेवटचें कारण नीट पाहण्यासारखें आहे. साधन फसल्याची सवलत कोणाला? विवाहित स्त्रीला. साधन वापरलेलें कोणी? तिनें किंवा तिच्या पतीनें. कशाकरितां? मुलांची संख्या मर्यादित ठेवण्याकरितां. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांपुढें जी स्त्री उभी होती, ती कुंकू लावलेली, एक-दोन मुलांची आई झालेली, आणि आतां पुरे म्हणणारी गृहिणी होती. कुमारिका, विधवा, परित्यक्ता यांना त्या ओळींत जागा नव्हती. शंभर वर्षांपूर्वीं ज्यांच्यावर कलमाचा आसूड पडला, त्यांनाच सवलतीच्या वेळीं पंक्तींतून वगळलें.

ही चूक सुधारावयास पन्नास वर्षें लागलीं. २०२१ सालीं झालेली दुरुस्ती त्याच वर्षीं २४ सप्टेंबरपासून अंमलांत आली. 'विवाहित स्त्री'च्या जागीं 'कोणतीही स्त्री' आली, 'पती'च्या जागीं 'जोडीदार' आला, आणि मुलांची संख्या मर्यादित ठेवणें याच्या जोडीला 'गर्भधारणा टाळणें' हाही हेतु मान्य झाला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचें मत पुरेसें झालें. कांहीं विशिष्ट वर्गांतील स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मतानें चोवीस आठवड्यांची मुदत मिळाली. गर्भांत गंभीर व्यंग असल्यास त्यापुढेंही वैद्यक मंडळाकडे जाण्याची वाट ठेवली. त्या स्त्रीचें नांव फोडणें हा गुन्हा ठरला. पुढल्या वर्षीं, २९ सप्टेंबर २०२२ रोजीं, न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांच्या नेतृत्वाखालील पीठानें सर्वोच्च न्यायालयांत सांगितलें कीं, विवाहित व अविवाहित असा भेद राज्यघटनेस धरून नाहीं. आणि पतीनें केलेली जबरदस्ती ही या कायद्यापुरती बलात्कारच होय.

तरी वाट पुरी झाली असें समजूं नये. दंडविधान गेलें आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. पण ३१२ वें कलम तिच्यांत ८८ वें होऊन राहिलें आहे. गर्भपात हा मूळांत गुन्हाच, आणि नवा कायदा हा त्यास अपवाद, अशीच रचना आजही आहे. स्त्रीनें इच्छावें येवढ्यानें भागत नाहीं. डॉक्टरचें मत अनुकूल पडावें लागतें. ऑक्टोबर २०२३ मध्यें दोन मुलांची आई असलेली एक विवाहित स्त्री सव्वीस आठवड्यांच्या गर्भासह सर्वोच्च न्यायालयांत आली. मागच्या बाळंतपणानंतर तिचें मन ढळलें होतें व तिला औषधें चालूं होतीं. दोन न्यायमूर्तींचें एकमत होईना, आणि शेवटीं तिघांच्या पीठानें परवानगी नाकारली. त्या निकालाच्या दोन्ही बाजूंना विचारवंत आहेत. मी येथें न्याय द्यावयास बसलों नाहीं. कायद्यानें स्त्रीला अधिकार दिला असें आपण सहज म्हणतों, त्याची मर्यादा केवढी आहे, इतकेंच दाखवावयाचें आहे.

सही कोणाची?

आतां घराकडे येऊं. १९७१ च्या कायद्यानें एक गोष्ट पहिल्यापासून स्वच्छ सांगितली आहे: सज्ञान व शुद्धीवर असलेल्या स्त्रीच्या गर्भपातास तिची एकटीची संमति पुरे. पतीची नको, सासऱ्याची नको, वडिलांचीही नको. ती अठरा वर्षांखालील किंवा मनोरुग्ण असेल तरच पालकाची संमति लागते. अशीं अर्धशतकाहून अधिक वर्षें लोटलीं, आणि आपल्या सुशिक्षित घरांपैकीं कितींना हें ठाऊक आहे?

माझ्या परिचयाच्या एका घरची गोष्ट सांगतों. सुनेचें पहिलें बाळ अंगावर पीत असतांच तिला पुन्हां दिवस राहिले. पहिल्या बाळंतपणांत ती मरतां मरतां वांचली होती. नवरा नोकरीनिमित्त परगांवीं. त्यानें फोनवरून 'तुला वाटेल तें कर' म्हणून सांगितलेलें. ती इस्पितळांत गेली, तेव्हां तेथें नवऱ्याची सही मागितली. नवरा येथें नाहीं म्हणतां सासूला घेऊन ये म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, 'असल्या कागदावर मी सही करणार नाहीं. आमच्या घरांत असें कधीं झालें नाहीं.' यांत तीन आठवडे गेले. ती माझ्याशीं बोलली नाहीं. माझ्या पत्नीजवळ रडली, म्हणून मला कळलें. सासूबाई दुष्ट नव्हत्या, इस्पितळांतील माणसेंही दुष्ट नव्हतीं. सून ही घराची, तेव्हां तिच्या पोटाचा निर्णय घराचा, हें सर्वांनीं न बोलतां गृहीत धरलें होतें, इतकेंच. डॉक्टरांनीं अशा कायद्याबाहेरच्या अटी घालूं नयेत, असें २०२२ च्या निकालांत मुद्दाम बजावलें आहे, तें यासाठींच.

न्यायालयेंही या बाबतींत नेहमीं एका सुरांत बोललीं असें नाहीं. पतीच्या संमतीवांचून गर्भपात केल्याबद्दल एका पतीनें पत्नीवर व डॉक्टरांवर नुकसानभरपाईचा दावा लाविला होता. तो पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानें २०११ सालीं निकालांत काढला व २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तेंच कायम केलें. विवाह झाला म्हणजे पत्नीचा देह पतीच्या आज्ञेंत आला असें नव्हे, हें त्यांतलें सार. परंतु २००७ सालच्या दुसऱ्या एका निकालांत, वैद्यकीय कारण नसतां व पतीला न कळवितां पत्नीनें गर्भपात करविणें ही मानसिक क्रूरता ठरूं शकेल, असेंही याच न्यायालयानें म्हटलें आहे. पत्नीच्या संमतीवांचून पतीनें नसबंदी करून घेण्यासही तेथें तोच न्याय लाविला आहे, हें खरें. पण नसबंदीपर्यंत जाणारे पति आहेत किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, विवाहित जोडप्यांत स्त्रीची संततिनियमनाची शस्त्रक्रिया झालेलीं शेंकडा ३७.९ आणि पुरुषाची झालेलीं शेंकडा ०.३, असें आढळलें. पुरुषाची शस्त्रक्रिया दोहोंत सोपी असून हें असें आहे. मूल होऊं द्यावयाचें तिच्या देहांत, न होऊं द्यावयाचें तेंही तिच्याच देहांत. आणि सही मात्र त्याची.

मुलगी नको

येथवर ज्यांनीं मान डोलावली असेल त्यांनाही पुढचा प्रश्न अडवील. स्त्रीची इच्छा मानावयाची, तर 'मला मुलगी नको' ही इच्छाही मानावयाची काय?

आपल्यांत पुंसवन हा संस्कार आहे. तिसऱ्या महिन्यांत पुत्र व्हावा म्हणून तो करीत. आशीर्वादही 'अष्टपुत्रा' असाच द्यावयाचा. पण प्रार्थना ऐकणें न ऐकणें देवाच्या हातीं होतें. १९७० नंतर गर्भजल-तपासणी आली, मागून सोनोग्राफी आली, आणि निवड माणसाच्या हातीं आली. मुंबईंतील कार्यकर्त्यांच्या चळवळीमुळें १९८८ सालीं महाराष्ट्रानें, देशांत सर्वांआधीं, गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा केला. मध्यवर्ती कायदा १९९४ सालचा. त्याचा अंमल नीट होईना, म्हणून 'सेहत' व पुण्याची 'मासूम' या संस्था आणि साबू जॉर्ज यांनीं २००० सालीं सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली, व २००३ सालीं तो अधिक कडक झाला. तरी आंकडे काय सांगतात? सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें महाराष्ट्रांत मुली १९९१ सालीं ९४६ होत्या, २००१ सालीं ९१३ आणि २०११ सालीं ८९४. बीड जिल्ह्यांत त्या वर्षीं ८०७ च होत्या. मार्च २०१७ मध्यें सांगली जिल्ह्यांतील म्हैसाळ येथें गर्भपातांत एक सव्वीस वर्षांची विवाहिता मरण पावली, आणि तपासांत ओढ्याजवळ पुरलेले एकोणीस गर्भ सांपडले. यंत्राला पैसे लागतात; तेव्हां हें पाप केवळ अडाण्यांचें, असें समाधान मानून घेण्याची सोय आपल्यासारख्यांना नाहीं.

आतां प्रश्नाचें उत्तर. गर्भलिंगनिदानाच्या कायद्याच्या चोविसाव्या कलमांत एक मार्मिक तरतूद आहे. एखाद्या गर्भवतीची अशी तपासणी झाली असेल, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत न्यायालयानें असें गृहीत धरावें कीं, पतीनें किंवा नातलगांनीं तिला तें करावयास भाग पाडलें. कायद्याला येथें एक सत्य उमगलें आहे. स्त्रीच्या तोंडून निघणारी प्रत्येक गोष्ट तिची इच्छा असतेच असें नाहीं; पुष्कळदां ती घराची इच्छा असते, तिच्या तोंडून वदविलेली. दोन मुलींनंतर तिसऱ्या खेपेस जिला 'आतां तरी' म्हणून ऐकावें लागतें, ती 'मुलगी नको' म्हणते तेव्हां कोण बोलत असतें? म्हणून माझ्या मतें हे दोन कायदे एकमेकांस छेद देणारे नाहींत. नको असलेला गर्भ तिला वाहावयास लावणारा आणि हवी असलेली मुलगी तिला टाकावयास लावणारा, हे दोघे वरवर शत्रु दिसतात. पण ते सख्खे भाऊ आहेत. दोघेही तिला विचारीत नाहींत. दुर्दैवानें आपल्याकडे 'लिंगनिदान गुन्हा आहे' हें वाक्य लोकांच्या मनांत 'गर्भपात गुन्हा आहे' असें होऊन बसलें आहे, आणि त्यामुळें जिला कायद्यानें मोकळीक आहे तीही भीत भीत आडवाटेला जाते.

एक आक्षेप

यावर सज्जन लोक म्हणतात, 'गर्भांत जीव आहे ना? मग कायदा जितका कडक तितका बरा.' जिवाबद्दलची ही पूज्यबुद्धि मला मान्य आहे. ती नसलेला समाज माझ्या कल्पनेंतही मला नको. परंतु कडक कायद्यानें जीव वांचतोच, हें खरें नाहीं. आपलें दंडविधान १८६० चें. आयर्लंडला लागू असलेला इंग्रजी कायदा १८६१ चा, म्हणजे दोन्ही एकाच मुशींतले. आपण १९७१ सालीं वाट बदलली. आयर्लंडनें १९८३ सालीं आपल्या राज्यघटनेंत गर्भाच्या व आईच्या जगण्याचा हक्क समान असल्याचें कलम घातलें. २०१२ च्या ऑक्टोबरांत बेळगांवची कन्या, दंतवैद्य सविता हालप्पनवार, ही गॉलवे शहरांत सतरा आठवड्यांची गरोदर असतां तिचा गर्भ वांचणार नाहीं, असें डॉक्टरांना कळून चुकलें. तो काढून टाका अशी तिनें विनवणी केली; पण गर्भाचे ठोके चालूं होते म्हणून नकार मिळाला. २८ ऑक्टोबर रोजीं रक्तांत विष भिनून ती गेली. वय एकतीस. तिनें आणि तिच्या पतीनें तें मूल आनंदानें इच्छिलें होतें. जिवाच्या रक्षणाकरितां लिहिलेल्या त्या ओळीनें शेवटीं एकही जीव राखला नाहीं. २५ मे २०१८ रोजीं आयर्लंडच्या लोकांनीं शेंकडा ६६ हून अधिक मतांनीं तें कलम काढून टाकलें.

गर्भाविषयीं पूज्यबुद्धि असावी. पण ती गर्भिणीला वगळून असूं शकत नाहीं. जो पूज्यभाव विधवेच्या गर्भाला कलंक म्हणतो, सुनेच्या पुत्रगर्भाला कुलदीपक म्हणतो आणि कन्यागर्भाला ओझें म्हणतो, तो गर्भाविषयींचा नव्हे. तो कुळाच्या अभिमानाविषयींचा आहे.

मग घरांनीं काय करावें? पुष्कळ नाहीं. मुलीचें लग्न ठरवितांना जशा चार गोष्टी तिला समजावून देतों, तशीच ही एक द्यावी कीं, या बाबतींत कायद्यानें तुझी संमति पुरे आहे. मुलग्यालाही सांगावें कीं, संततिनियमन हें तुझेंही कर्तव्य आहे. सुनेला डॉक्टरकडे जावयाचें असेल तर सासूनें सोबत अवश्य जावें. मात्र जातांना निर्णय घेऊन जाऊं नये, धीर घेऊन जावें. आणि घरांतील कर्त्या पुरुषांनीं, ज्यांना अशा वेळीं मत देण्याची फार संवय असते, त्यांनीं प्रथम तिचें ऐकावें. ती 'हवें' म्हणाली तर तें हौसेनें वाढवावें. तें मुलगा कीं मुलगी हें विचारूं नये. ती 'नको' म्हणाली तर कारण विचारण्यापूर्वीं तिची प्रकृति विचारावी. कायद्यानें 'पति' हा शब्द खोडावयास पन्नास वर्षें घेतलीं. घराला त्यासाठीं संसदेच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाहीं.